मामांचा अँटिबॉडी रिपोर्ट

माझ्या मामांच्या मोबाईलमध्ये एका कागदाचा फोटो अजून आहे. जानेवारी २०२१ मधला. वर लॅबचं नाव, त्याखाली मामांचं नाव, वय ५०, आणि मधल्या ओळीत ‘सार्स-कोव्ह-२ आयजीजी अँटिबॉडी : रिअ‍ॅक्टिव्ह’. शेजारी एक आकडा आणि कंसात ‘पॉझिटिव्ह’. गेल्या उन्हाळ्यात तो फोटो माझ्यापुढे धरून मामांनी विचारलं, “तू पीयूसीला सायन्स घेतलं होतंस ना गं? मग मला एवढंच सांग. हा कागद खोटा होता का?”

मला उत्तर देता आलं नाही. पीयूसीनंतर मी सायन्स सोडलं आणि बी.ए.ला आले, मराठी आणि इंग्रजी साहित्य हे माझे विषय. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जुनी जीवशास्त्राची पुस्तकं काढली, कॉलेजच्या वायफायवर मोफत मिळणारे शोधनिबंध वाचले, न समजलेलं आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारलं. आपल्या मंडळाच्या अंकात कवितेवर, बोलीवर, नाटकावर अभ्यासलेख येतात. हा तसा नाही. पण एका कागदावर काय लिहिलंय आणि आपण त्यात काय वाचलं, एवढाच याचाही विषय आहे.

आधी थोडी हकिकत सांगते, म्हणजे प्रश्न का पडला ते कळेल.

मामांचं उदगीरला कपड्याचं दुकान. माझं आजोळ मात्र भालकी तालुक्यात, म्हणजे दुकान महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात. आपल्या भागात यात काही विशेष नाही. बिदरहून निघालेली गाडी कमलनगर सोडलं की दुसऱ्या राज्यात जाते आणि डब्यातल्या गप्पांत तसूभर फरक पडत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मामांना पाच-सहा दिवस ताप आला, वास गेला, फोडणीचा ठसकासुद्धा कळेना. टेस्ट केली नाही. पॉझिटिव्ह निघालो तर दुकान बंद करतील, गल्लीत पत्रे लावतील, ही भीती. घरातच काढे पिऊन बरे झाले. चार महिन्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून अँटिबॉडीची टेस्ट केली आणि हा कागद हातात आला. मामा खूश. “आपल्याला होऊन गेलंय. आता आपण सुटलो.”

फेब्रुवारीत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला. मामांनी चेकपोस्टवर हाच कागद दाखवला. तिथल्या शिपायानं ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि दोन पावलं मागं सरून म्हणाला, “अरे, ये तो पॉझिटिव्ह है जी!” मामांना परत पाठवलं. पुढं महिनाभर आमच्या घरी या गोष्टीवर हसणं चालू होतं. आज वाटतं, त्या दोघांनीही तो कागद चुकीचाच वाचला होता. शिपायाला त्यात आजार दिसला, मामांना कवच.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांपुढच्या सगळ्यांना लस सुरू झाली. मामांनी घेतली नाही. “लस ज्यांना झालं नाही त्यांना.” आजीचंही राहिलं. तिला तर मार्चपासूनच मिळाली असती, पण मामा म्हणाले, आधी तुझी अँटिबॉडी बघू, मग ठरवू. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते गावी आले, आजीजवळ बसून जेवले, दोन दिवस राहिले. मास्क नव्हता. परत गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांना ताप. पाठोपाठ आजीला. मामा अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आले. आजी मे महिन्यात गेली. मातीला आम्ही सहा जण होतो, आणि मामा त्यात नव्हते.

आजीला तो आजार मामांकडूनच आला, असं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. त्याच आठवड्यात गावात दोन लग्नं होती. पण मामांनी स्वतःपुरता निकाल लावून टाकलेला आहे, आणि म्हणून तो कागद खोटा होता की नाही हे त्यांना कळायला हवं आहे.

आता मूळ विषय. अँटिबॉडीला आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रतिपिंड म्हणतात, कुठं कुठं प्रतिद्रव्य. कन्नडमध्ये प्रतिकाय. कन्नड शब्द सरळ आहे, काया म्हणजे शरीर. मराठीतला ‘पिंड’ मला जास्त आवडतो, कारण पिंड म्हणजे शरीरही आणि स्वभावही. पण कोरोनाच्या काळात घराघरांत बोलला गेला तो शब्द अँटिबॉडी हाच, म्हणून मीही तोच वापरते.

अँटिबॉडी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं. त्याच्या दोन टोकांची ठेवण अशी असते की ती एखाद्या ठरावीक आकारालाच बसते. कोरोना विषाणूच्या अंगावर काटे असतात, ती स्पाइक प्रथिनं. त्या काट्याच्या टोकानं विषाणू आपल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. अँटिबॉडी नेमकी त्या टोकावर जाऊन बसली, तर विषाणूला पेशी धरता येत नाही. अशा अँटिबॉडीला विषाणू निष्प्रभ करणारी अँटिबॉडी म्हणतात. पण सगळ्या अँटिबॉडी तिथंच बसत नाहीत. काही काट्याच्या बुडाशी बसतात, काही विषाणूच्या आतल्या न्युक्लिओकॅप्सिड नावाच्या प्रथिनाला धरतात. त्यांचाही उपयोग असतो, पण दार अडवण्याचं काम त्या करत नाहीत. मामांच्या रिपोर्टमध्ये फक्त ‘आयजीजी आहे’ एवढंच होतं. ती कुठं बसणारी, हे त्यात नव्हतं.

या अँटिबॉडी बनवतात बी पेशी. प्रत्येक बी पेशीचा साचा वेगळा. संसर्ग झाला की ज्या बी पेशीचा साचा त्या विषाणूला जुळतो ती वाढू लागते, एकीच्या हजार होतात. पहिल्या एक ते तीन आठवड्यांत आयजीएम आणि आयजीजी या दोन जातींच्या अँटिबॉडी रक्तात दिसू लागतात. नाकातोंडाच्या ओलाव्यात आयजीए नावाची तिसरी जात असते. आयजीएम लवकर ओसरते. आयजीजी टिकते, आणि लॅबवाले बहुतेक वेळा शोधतात ती हीच.

पण ‘टिकते’ म्हणजे किती? २०२० च्या उन्हाळ्यात बातम्या आल्या की कोरोनाच्या अँटिबॉडी दोन-तीन महिन्यांत नाहीशा होतात, म्हणजे प्रतिकारशक्ती उरतच नाही. लोक घाबरले. खरं म्हणजे हे तसं नव्हतं. आयजीजीचा एक रेणू रक्तात फार दिवस राहत नाही. साधारण तीन आठवड्यांत निम्मे रेणू संपतात. संसर्गाच्या ऐन भरात अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची गर्दी असते, त्यातल्या बहुतेक काही आठवड्यांत मरतात. म्हणून आकडा आधी झपाट्यानं उतरतो. पण त्यातल्या थोड्या पेशी हाडाच्या मगजात जाऊन वस्ती करतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू अँटिबॉडी सोडत राहतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी मे २०२१ मध्ये हेच दाखवलं. सौम्य कोरोना होऊन गेलेल्यांच्या रक्तातली पातळी पहिले चार महिने भरभर उतरली, मग उतार मंदावला, आणि सात-आठ महिन्यांनी त्यांच्या हाडाच्या मगजात त्या पेशी सापडल्या. घरात लग्न असलं की आठवडाभर पन्नास माणसं राबतात, नंतर दोघं-चौघं उरतात. म्हणून घर ओस पडलं असं कुणी म्हणत नाही.

शिवाय स्मृतिपेशी असतात. त्या अँटिबॉडी बनवत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. तोच विषाणू पुन्हा आला की काही दिवसांत कामाला लागतात. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात संसर्गानंतर सहा महिन्यांनी स्पाइकच्या स्मृतिपेशी पहिल्या महिन्यापेक्षा जास्त सापडल्या, अँटिबॉडी उतरत असताना. टी पेशींचा कारभार आणखी निराळा. सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्समधून बरे झालेल्यांच्या टी पेशींनी १७ वर्षांनंतरही त्या विषाणूची ओळख ठेवली होती. यातलं काहीच साध्या अँटिबॉडी टेस्टमध्ये दिसत नाही.

आमच्या आजीच्या सासूबाई मानमोडीच्या साथीतून वाचलेल्या होत्या, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. एकाला पोहोचवून येईपर्यंत दुसरा जायचा, असं त्या सांगायच्या म्हणे. मी ही गोष्ट आजीकडून ऐकली, आणि मग २००८ चा एक शोधनिबंध वाचताना अंगावर काटा आला. १९१८ च्या साथीच्या वेळी लहान असलेल्या, आणि आता नव्वदी ओलांडलेल्या ३२ माणसांचं रक्त अमेरिकन संशोधकांनी तपासलं. ९० वर्षांनंतरही त्यांच्याकडे त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या, आणि काहींच्या रक्तातून त्या बनवणाऱ्या बी पेशीही मिळाल्या. म्हणजे आजीच्या सासूबाई गोष्ट सांगत होत्या तेव्हा तिचा एक पुरावा त्यांच्या रक्तातही असू शकत होता.

टेस्ट कशी करतात हेही बघू. बिदरमध्ये वाढलेल्यांना ते समजावणं मला सोपं वाटतं. बिदरीचं भांडं जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं. कारागीर त्यावर नक्षी कोरतात, खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात, घासून गुळगुळीत करतात. त्या वेळी सगळंच करडं दिसतं, नक्षी नीट कळत नाही. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं पाणी लावलं की धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच राहते आणि फुलं, वेली एकदम उठून दिसतात. एलायझा टेस्टचं तत्त्व याच्या जवळचं आहे. प्लास्टिकच्या ताटलीत ९६ छोट्या वाट्या असतात, त्यांच्या तळाला विषाणू किंवा त्याचं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात आपल्या रक्ताचा द्रव घालतात. अँटिबॉडी असेल तर ती तळाला धरून बसते, बाकीचं धुऊन जातं. मग तिलाच चिकटणारा दुसरा पदार्थ घालतात, आणि शेवटी रंग आणणारं रसायन. अँटिबॉडी जेवढी जास्त तेवढा रंग गडद. यंत्र तो रंग मोजतं, आणि ठरवलेल्या रेघेच्या वर गेला की छापतं, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’.

एक भानगड इथंच आहे. तळाला काय चिकटवलंय त्यावर उत्तर ठरतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ नावाची आपली पहिली देशी एलायझा टेस्ट आणली, तिच्यात निष्क्रिय केलेला आख्खा विषाणू वापरला होता. दुसऱ्या काही टेस्टमध्ये फक्त स्पाइकचा तुकडा, काहींत न्युक्लिओकॅप्सिड. कोविशिल्ड घेतलेल्या माणसाच्या अंगात लसीमुळं फक्त स्पाइकच्या अँटिबॉडी येतात, त्यामुळं त्याच्यात न्युक्लिओकॅप्सिडची अँटिबॉडी सापडली तर समजायचं, संसर्गही होऊन गेलाय. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला आख्खा विषाणू असल्यानं तिथं ही युक्ती चालत नाही. आणि ‘कवच’ हे नाव! टेस्टला कवच म्हटल्यावर रिपोर्टला कवच समजणाऱ्या माणसाला हसायचं कसं?

आकड्याचंही तसंच. प्रत्येक कंपनीचं एकक वेगळं, रेघ वेगळी. एका लॅबचे १०० आणि दुसरीचे १०० एक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवलं, पण उदगीर-लातूरच्या लॅबमधून लोकांच्या हाती येणाऱ्या कागदांवर लगेच काही ते उतरलं नाही. आणि कोणत्या आकड्याच्या वर माणूस सुरक्षित, अशी रेघ तर कुणीच आखून दिलेली नव्हती. टेस्टमधली रेघ ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधली होती. लोकांनी ती ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ यांच्या मधली धरली.

मग ही टेस्ट निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. भारतातला कोरोनाचा पहिला नोंदलेला मृत्यू कलबुर्गीचा. सौदी अरेबियाहून परतलेले ७६ वर्षांचे गृहस्थ १० मार्च २०२० रोजी वारले, आणि निदान पक्कं झालं ते १२ मार्चला, म्हणजे ते गेल्यावर. (आमच्याकडे अजून सगळे गुलबर्गाच म्हणतात, पण तेव्हा टीव्हीवर दिवसभर कलबुर्गी कलबुर्गी ऐकून आजी विचारायची, हे कुठलं गाव?) पुढं दोन महिन्यांत, ११ मे ते ४ जून या काळात, आयसीएमआरनं देशभर पहिलं रक्त-सर्वेक्षण केलं. २१ राज्यांतले ७० जिल्हे, सुमारे २८ हजार माणसं. कर्नाटकातून तीन जिल्हे निवडले होते : बेंगळुरू शहर, चित्रदुर्ग आणि कलबुर्गी. बिदर त्यात नव्हतं, पण शेजारचं नांदेड होतं. परभणी, बीडही होतं.

निकाल आला ०.७३ टक्के. ऐकायला एवढासा. पण देशाच्या लोकसंख्येनं गुणलं तर मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग होऊन गेला होता. म्हणजे नोंदलेल्या एका रुग्णामागं न नोंदलेले ८२ ते १३०. त्याच जिल्ह्यांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रौढांचं प्रमाण ७.१ टक्के झालं, २०२१ च्या सुरुवातीला साधारण पाचातला एक, आणि जून-जुलै २०२१ मध्ये मुलांसकट ६७.६ टक्के, यात लस घेतलेलेही आले. सरकारी यादीत मामांचं नाव कधीच नव्हतं. सप्टेंबर २०२० मधले ते रुग्ण नव्हतेच, कागदोपत्री. अशा लाखो माणसांचा आजार कुठल्या रजिस्टरमध्ये नाही, पण त्यांच्या रक्तात होता, आणि या सर्वेक्षणांनी तो तिथून वाचला.

कर्नाटकापुरते दोन अभ्यास आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी भांडतात. एका गटानं जून ते ऑगस्ट २०२० मध्ये घरोघरचे नमुने घेऊन सांगितलं, ४६.७ टक्के लोकांत अँटिबॉडी, खेड्यांतसुद्धा ४४.१ टक्के. राज्य सरकारचं सर्वेक्षण सप्टेंबरचं, सगळ्या ३० जिल्ह्यांतलं, पंधरा हजारांहून जास्त नमुन्यांचं. त्यात चालू संसर्ग आणि अँटिबॉडी मिळून साधारण २७ टक्के, नुसत्या अँटिबॉडी साधारण १६. उशिरा केलेल्या सर्वेक्षणात आकडा कमी! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एक कुणीतरी खोटं बोलतंय. तसं नाही. पहिल्या गटानं स्पाइकचा तुकडा वापरलेली टेस्ट घेतली, सरकारनं कोविड कवच. पहिल्या गटानं ठरलेल्या घरांतली माणसं निवडली. सरकारनं दवाखान्यात आलेल्या गरोदर बायका, रुग्णांसोबत आलेले लोक, बस कंडक्टर, भाजीवाले, म्हातारी आणि आजारी माणसं असे गट घेतले. कुणाला विचारलं आणि कशानं विचारलं, यावर उत्तर बदलतं. मला स्वतःला खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठं तरी असावा असं वाटतं, पण तो माझा अंदाज.

आता मामांच्या प्रश्नाकडे. अँटिबॉडी होती, तरी पुन्हा झाला कसा? आणि एवढा वाईट कसा?

पुण्याचं बघा. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या पाच प्रभागांत, येरवडा, कसबा पेठ, लोहियानगर वगैरे भागांत, १,६६४ जणांचं रक्त तपासलं आणि ५१.५ टक्क्यांत अँटिबॉडी निघाल्या. एका प्रभागात तर ६५ टक्क्यांवर. तेव्हा पुष्कळांना वाटलं, पुणं आता सुटलं. सामूहिक प्रतिकारशक्ती हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच सुमारास जोरात होता. २०२१ च्या वसंतात त्याच पुण्यात बेडसाठी लोक रात्रभर फिरत होते. एक तर उरलेले अर्धे लोक होते. दुसरं, विषाणू बदलला होता. डेल्टा या प्रकारात काट्याची ठेवण बदललेली, त्यामुळं जुन्या अँटिबॉडी तिथं पूर्वीइतक्या घट्ट बसत नव्हत्या. तिसरं, तोवर कित्येकांची पातळी उतरली होती. मामांचा आजार हे यातल्या नेमक्या कशाचं फळ, ते एका माणसाबाबत सांगता येत नाही. दुसऱ्यांदा जास्त आजारी पडणं हे नेहमीचं नव्हतं. बहुतेकांना दुसरा आजार हलका गेला. मामा त्या थोड्यांतले निघाले.

थोड्यांतले, हे मी मुद्दाम लिहिते. कतारमध्ये फार मोठ्या नोंदींवरून हिशेब केला गेला : आधी होऊन गेलेल्यांना डेल्टाच्या संसर्गापासून ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण होतं. ओमिक्रॉन आल्यावर ते ५६ टक्क्यांवर आलं, तरी गंभीर आजारापासूनचं जवळजवळ ८८ टक्के राहिलं. म्हणजे मामांचा ‘होऊन गेलंय’ हा भरवसा अगदीच पोकळ नव्हता. शंभरांतल्या नव्वदांच्या बाबतीत तो खरा ठरला असता. पण उरलेले दहा कोण, ते कागदावर छापलेलं नसतं. आणि मुख्य म्हणजे, मामांना संरक्षण आहे याचा अर्थ ते आजीपर्यंत विषाणू नेणार नाहीत असा नव्हता. रक्तातली आयजीजी फुफ्फुसं वाचवायला जितकी उपयोगी, तितकी नाकातला विषाणू अडवायला नाही. मामांची चूक झाली असेल तर ती इथं, आणि ती तेव्हा जवळजवळ सगळ्यांचीच होत होती.

खरं तर इशारा आधीच दिलेला होता. २४ एप्रिल २०२० लाच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की अँटिबॉडी असलेल्यांना ‘पासपोर्ट’ देऊ नका, पुरावा पुरेसा नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही लोकांना सांगितलं की अशा टेस्टवरून आपल्याला संरक्षण आहे की नाही ते ठरवू नका. हे मराठीत, कन्नडमध्ये, दुकानात बसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत कुणी त्या कागदाच्या खाली दोन ओळी छापून दिलं असतं तर? रिपोर्ट इंग्रजीत, त्यातला सगळ्यात मोठा शब्द ‘पॉझिटिव्ह’, आणि या शब्दाचा अर्थ आरटी-पीसीआरमध्ये एक, अँटिबॉडीत दुसरा, आणि आमच्या फाउंडेशन कोर्सच्या ‘बी पॉझिटिव्ह’ व्याख्यानात तिसरा. आम्ही भाषा शिकणारी मुलं तेव्हा काय करत होतो? मी दहावीत होते, जूनच्या शेवटी मास्क लावून एसएसएलसीचे पेपर देत होते. पण हे काम आमच्यासारख्यांचंच आहे असं मला वाटतं.

अँटिबॉडीवरचा विश्वास डॉक्टरांनाही चुकला नाही, हेही मामांना सांगायला हवं. दुसऱ्या लाटेत ‘प्लाझ्मा हवा आहे’ असे मेसेज दिवसाला पन्नास यायचे. बरा झालेल्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी आजारी माणसाला द्यायच्या, कल्पना जुनी आणि पटणारी. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वातासाठी हेच प्राण्यांच्या रक्तातून केलं, आणि बेहरिंग यांना १९०१ चं पहिलं वैद्यकीय नोबेल मिळालं. पण आयसीएमआरनं २०२० मध्येच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर पडताळा घेतला होता. प्लाझ्मा दिलेले आणि न दिलेले यांच्यात मृत्यू किंवा आजार बळावणं यांत फरक दिसला नाही. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. सरकारी उपचार-सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. मधले सात महिने लोक शोधत राहिले, आम्हीही मामांसाठी शोधला.

गेल्या महिन्यात रविवारचा मिस्सा झाल्यावर आम्ही उदगीरला गेलो. मी मामांना दुकानातच, गिऱ्हाईक नसताना, हे सगळं सांगितलं, बिदरीच्या भांड्यासकट. ते काउंटरवर कापड दुमडत ऐकत होते. मी म्हटलं, “मामा, कागद खोटा नव्हता. तुम्हाला सप्टेंबरमध्ये कोरोना झाला होता, एवढंच त्याला माहीत होतं, आणि तेवढं त्यानं खरं सांगितलं. पुढचं तुम्ही त्याला विचारलंत.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग एवढा मोठा आकडा कशाला छापतात गं?”

याचं बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामांनी आजारानंतर तीन महिने थांबून ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेतली, तशीच सरकारी सूचना होती. नंतर दुसरीही घेतली. मोबाईलमध्ये दोन्ही सर्टिफिकेटं आहेत, आणि त्यांच्याआधी तो जानेवारीचा फोटो. मी विचारलं, काढून टाकू का? “राहू दे,” म्हणाले, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परकर दाखवायला उठले.